घराच्या सौद्यात रेडॉन मोजताय? या चुका टाळा

नागपुरात घराचा सौदा ठरताना आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), मंजूर नकाशा, टॅक्स पावती, सगळं खोदून खोदून विचारलं जातं. रेडॉनचं नाव मात्र बहुतेक वेळा अमेरिकेहून येतं. तिकडे घर घेताना ही टेस्ट नेहमीचीच, म्हणून मुलगा किंवा मुलगी सुट्टीत येताना बॅगेत एक छोटं डिजिटल मीटर घेऊन येते आणि बेसा-मनीषनगरकडच्या नव्या रो-हाऊसमध्ये, नाहीतर विकायला काढलेल्या आईबाबांच्या घरात ते ठेवते. घोळ तिथून सुरू होतो.

रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियम आणि रेडियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो, पण जमिनीला टेकलेल्या बंद खोलीत साचतो. त्यातून तयार होणारे पोलोनियमचे कण श्वासावाटे फुप्फुसात बसतात. अनेक देशांत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण हेच आहे, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी पट जास्त.

आकडा वाचतानाच गडबड

अमेरिकेतून आणलेलं मीटर पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये आकडा दाखवतं. इतरत्र बेकरेल प्रति घनमीटर चालतं. एक पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर. म्हणजे एका मीटरवरचा २.७ आणि दुसऱ्यावरचा १०० हे एकच रीडिंग झालं. पहिला आकडा पाहून विकणारा खूश होतो, दुसरा पाहून घेणारा बयाणा परत मागतो! अमेरिकी पर्यावरण संस्था ४ पिकोक्युरीला, म्हणजे १४८ बेकरेलला, दुरुस्ती करा म्हणते. जागतिक आरोग्य संघटना १०० बेकरेल सुचवते आणि अगदी शक्यच नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ देऊ नका असं सांगते. सौद्यात बोलताना आधी एकक बोला.

कूलर चालू ठेवून मोजणं

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक ही. खिडकीला लावलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. म्हणून तर आपण समोरची खिडकी उघडी ठेवतो, नाहीतर घर चिकचिक होतं. मे महिन्यात दिवसरात्र अशी हवा बदलत असते, तेव्हा रेडॉनला साचायला सवडच मिळत नाही. तेव्हा आलेला आकडा कूलरचा, घराचा नाही. मग घेणारा राहायला येतो, कूलर काढून स्प्लिट एसी लावतो, खिडक्यांच्या फटी बुजवतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची घेत नाही. तेच घर, पण हवा वेगळी.

डिसेंबर-जानेवारीत उलट. दारं-खिडक्या बंद, आतली उबदार हवा वर चढते आणि खालून जमिनीतली हवा ओढली जाते. पावसाळ्यातही बाहेरची माती भिजून बंद झाली की वायू घराखालच्या कोरड्या भागातून वाट काढतो. म्हणून दोन दिवसांची टेस्ट करायची तर बारा तास आधीपासून खिडक्या बंद, कूलर बंद, एक्झॉस्ट बंद. नेहमीचं येणंजाणं चालेल. ४५ अंशांत हे करायला कोणीच तयार होणार नाही, तेव्हा हिवाळ्यात करा. विकणारा घरात राहतच असेल तर त्याने तीन महिने मीटर ठेवावं, ते सगळ्यात भरवशाचं.

एक्झॉस्टबद्दल आणखी एक. घर बंद करून तो चालवला की बाहेर गेलेल्या हवेची भरपाई फरशीच्या भेगांतूनही होते, म्हणजे रेडॉन वाढूही शकतो.

भलत्या ठिकाणी मीटर

सातव्या मजल्याच्या फ्लॅटसाठी इतका आटापिटा नको. खाली मोकळं पार्किंग असलेल्या स्कीममध्ये जमिनीशी संबंध तिथेच तुटतो. तळघर, तळमजल्याची बेडरूम, जुन्या घरातली मागची खोली, इथे मोजा. जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खिडकी आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, स्वयंपाकघर-बाथरूम टाळून.

ओट्याचा ग्रॅनाइट बदलायच्या मागे लागू नका, त्याचा वाटा साधारणपणे नगण्य असतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशाच्या राखेपासून केलेल्या विटांचीही भीती घातली जाते. राखेत रेडियम कोळशापेक्षा जास्त असतं हे खरं, पण तिच्या काचेसारख्या कणांतून वायू सहज सुटत नाही.

खडकाचं तसंच. पश्चिम नागपूर काळ्या पाषाणावर आहे, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, ‘नाइस’ (gneiss) नावाच्या पट्टेदार खडकासारखे खडक आहेत, कामठीकडे वाळूखडक. काळ्या पाषाणात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं. पण म्हणून पश्चिमेच्या धरमपेठेत मोजायचं नाही आणि पूर्वेच्या वाठोड्यात घर घ्यायचं नाही, हा हिशेब चुकीचा. शेजारशेजारच्या दोन घरांतही आकडा वेगळा निघतो.

भेगेवर टाइल चढवणं

काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि तळमजल्याची फरशी तडकते. विकण्याआधी त्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या की भेग दिसत नाही, एवढंच. कोबा आणि भिंतीमधली बारीक फट, नहाणी ट्रॅपच्या भोवतालची पोकळी, वाढीव बांधकामात घराच्या आत आलेलं बोअरचं केसिंग, या खऱ्या वाटा. खिडक्या लावून, एक्झॉस्ट चालू करून पेटती उदबत्ती फटीजवळ धरा. धूर खोलीकडे ढकलला गेला तर हवा तिथून येते आहे.

फटी बुजवा, पण तेवढ्यावर भागेल असं समजू नका. आकडा जास्तच असेल तर फरशीखालून चार इंची पीव्हीसी पाइप काढून टेरेसच्या वर नेतात आणि त्यात सतत चालणारा छोटा पंखा बसवतात. पंखा घराच्या आत बसवू नका. जोड गळला तर वायू पुन्हा खोलीतच. काम झाल्यावर परत मोजा. तळघराला दोन्ही बाजूंनी जाळ्या ठेवणं हा त्याहून स्वस्त उपाय, तो आधी करून पाहा.

कागदावर न घेणं

रजिस्ट्रीच्या वेळी रेडॉनचा कागद कोणी मागत नाही. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगावा लागतो. जास्त रीडिंग दडवून वाद ओढवून घेण्यापेक्षा सांगितलेलं बरं. घेणाऱ्याने विषय बयाण्याआधी काढावा, नंतर काढला की भाव पाडायचा बहाणा वाटतो. आणि पाइप-पंख्याच्या कामासाठी लाखोंची सूट मागू नये. इसारपत्रात लिहा: कोणत्या खोलीत, कोणत्या महिन्यात, किती दिवस मोजलं, कोणत्या एककात, आणि किती आकड्याच्या वर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. पंखा बसवलेला असेल तर चाव्या देताना त्याचं बटणही दाखवा आणि वर चिठ्ठी चिकटवा. नवा मालक विजेचं बिल वाचवायला पहिल्याच आठवड्यात तो बंद करतो.