शनिवारी पोरांना सड्यावर न्यायचंय, त्याआधी

नववी-दहावीच्या पोरांना भूगर्भशास्त्र म्हणजे काय ते दाखवायला सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर न्यायचंय, तर काय काय करायचंय ते लिहून ठेवतो, नाहीतर ऐनवेळी विसरतो.

पहिलं नावांचं. गेल्या वर्षी शाळेने पहिले दहा नंबर पाठवले, सगळे मेडिकलच्या वाटेवरचे, दगडाकडे ढुंकून बघितलं नाही. यंदा चिरेखाणीवरच्या, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापतात तिथल्या कामगारांची पोरं हवीतच, त्यातली काही घरी कन्नड बोलतात म्हणून गप्प बसतात. त्यांनाच आधी विचारायचं की ताजा चिरा कापताना मऊ असतो आणि उघड्यावर ठेवला की कडक कसा होतो, बाकीच्यांना हे माहीतच नसतं. मग मी सांगेन की ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो ऊनपावसात झिजून लोखंड मागे राहिलं, म्हणून जांभा लाल.

मुलींसाठी टॉयलेट. गेल्या वेळी दोघी दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत, हे मला घरी आल्यावर बायकोने सांगितलं, माझ्या डोक्यातच नव्हतं. सड्याखालच्या वाडीत एका काकूंशी आधीच बोलायचं. आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ साली अंटार्क्टिकाला गेल्या हे सांगायचं, अदितीताई तर आपल्या नागपूरच्या.

एक मुलगा कुबड्यांवर चालतो, त्याच्यासाठी दुसरा थांबा रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याला, तिथे गाडी वाळूपर्यंत जाते. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काळ्या रेतीवरून फिरवायचा, कण मिशीसारखे उभे राहतात. पिशवी नसेल तर कण सुटतच नाहीत, अनुभव आहे. व्हिनेगरची बाटली घ्यायची, शिंपल्यांच्या चुऱ्यावर टाकलं की बुडबुडे येतात.

२२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळीये गावावर कोसळलेल्या दरडीचा फोटो दाखवायचा नाही, कोणाचं तिकडे नातं असलं तर? त्यापेक्षा जमिनीला भेग पडली, झाडं तिरकी झाली, झऱ्याचं पाणी गढूळ आलं की मोठ्यांना सांगायचं, एवढं पुरे.

पालक विचारणारच, नोकरी कुठे? भूजल सर्वेक्षण आहे, जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, पण जीएसआयच्या परीक्षेला एमएस्सी लागते म्हणजे दहावीनंतर सात वर्षं, हे लपवायचं नाही. कोळीवाड्यातल्या आयांना फोन सकाळी करायचा नाही, तेव्हा मासळीचा लिलाव असतो.

परतीची एसटी पाचची, ती चुकली तर मेलो. चुंबक पाचच आहेत, कोणाकडे फुटका स्पीकर असेल तर द्या.