उतरणीवरचा ठोकळा: बलांची आकृती काढताना या चुका टाळा

उतरणीवरच्या ठोकळ्याचं उत्तर चुकलं की बहुतेक जण आकडेमोड पुन्हा तपासत बसतात. चूक मात्र त्याच्या बरीच आधी, फ्री बॉडी डायग्राममध्येच, म्हणजे वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीतच, झालेली असते. आधीच्या गणितातली आकृती आठवून तशीच उतरवली जाते आणि या गणितात काय वेगळं आहे ते बघायचं राहून जातं.

सुरुवात बाणांच्या दिशेपासून. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. पृष्ठभाग कितीही कलता असो, हा बाण सरळ खालीच जाणार. तरी अनेकांचा हात तो उतरणीला लंब काढतो, कारण सपाट टेबलावर तो तसा बघायची सवय असते. नॉर्मल बलाचं उलट आहे. ते पृष्ठभाग देतो, म्हणून ते पृष्ठभागाला काटकोनात, म्हणजे तिरकं असतं. तेही सरळ वर काढलंत तर वजन आणि नॉर्मल एकाच रेषेत येतात, आणि गुळगुळीत उतरणीवर ठोकळा घसरायला काही कारणच उरत नाही.

साइन की कॉस?

आकृती कधीही ४५° ची काढू नका. त्या कोनाला वजनाचे दोन्ही घटक (एक उतरणीच्या दिशेचा, एक तिला लंब) सारखेच दिसतात आणि साइन-कॉसची अदलाबदल झाली तरी डोळ्यांना खटकत नाही. २०-२५° ची उतरण काढा. उतरण आडव्या रेषेपासून जितकी कलली, तितकाच तिचा लंबही उभ्या रेषेपासून कलतो, म्हणून वजनाचा बाण आणि तो लंब यांच्यात तोच लहान कोन सापडतो. हा कोन थीटा आणि वजन एमजी (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण जी) धरलं, तर कोनाला लागून असलेली लांब बाजू एमजी कॉस थीटा, समोरची आखूड बाजू एमजी साइन थीटा. तरी शंका वाटली तर थीटा शून्य धरून बघा. जमीन सपाट झाली की उतरणीच्या दिशेचा घटक नाहीसा व्हायला हवा, आणि शून्य होतो तो साइन.

घटक काढल्यावर मूळ वजनाचा बाणही तसाच ठळक ठेवला तर समीकरणात वजन दोनदा मोजलं जातं. घटक तुटक रेषेने काढा, किंवा मूळ बाणावर एक काट मारा.

कोणीच न दिलेलं बल

आकृतीत हमखास एक जादा बाण दिसतो: ‘खाली घसरवणारं बल’. ते वेगळं बल नाही, वजनाचाच घटक आहे. दुसरा पाहुणा म्हणजे ‘गतीचं बल’. ठोकळ्याला खालून धक्का देऊन सोडला आणि तो वर चाललाय, म्हणून वरच्या दिशेला बाण. पण हात सुटला तेव्हाच धक्का संपला. आता ठोकळा वर जातोय तो आधी मिळालेल्या वेगामुळे, आणि तो वेगही कमी होत चाललाय. प्रत्येक बाणाजवळ थांबून विचारा: हे बल देतंय कोण? पृथ्वी, पृष्ठभाग, दोरी, हात यांपैकी कोणाचंच नाव घेता आलं नाही तर बाण खोडा. ठोकळा उतरणीला दाबतो ते बलही इथे नको. ते उतरणीच्या आकृतीत जातं.

घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन, दरवेळी?

माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. २ किलोचा ठोकळा ३०° च्या उतरणीवर ठेवलाय. जी १० धरला तर वजन २० न्यूटन, उतरणीच्या दिशेने १० न्यूटन, लंब दिशेने १७.३ न्यूटन. स्थितिक घर्षणाचा, म्हणजे ठोकळा थांबलेला असतानाच्या घर्षणाचा, गुणांक म्यू ०.७ आहे आणि नॉर्मल बल एन इथे १७.३ न्यूटन. विद्यार्थी लगेच ०.७ ला १७.३ ने गुणतो आणि घर्षण १२.१ न्यूटन लिहून मोकळा होतो. आता बेरीज करा: खाली १०, वर १२.१. म्हणजे ठेवलेला ठोकळा आपोआप वर चढायला लागेल! १२.१ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा थांबवायला १० पुरेसे आहेत, म्हणून प्रत्यक्ष घर्षण १० न्यूटनच. गुणाकाराचं सूत्र ठोकळा घसरत असताना किंवा घसरण्याच्या अगदी बेतात असताना वापरायचं.

घर्षण नेहमी उतरणीवर वरच्या दिशेनेच, हेही खरं नाही. ठोकळा वर सरकत असेल तर ते खाली लागतं.

नॉर्मल म्हणजे एमजी कॉस थीटा, हेही दरवेळी नाही

त्याच ठोकळ्याला १० न्यूटनच्या आडव्या बलाने उतरणीकडे ढकला. या बलाचा ५ न्यूटनचा घटक ठोकळ्याला पृष्ठभागावर दाबतो, त्यामुळे नॉर्मल १७.३ वरून २२.३ होतं, ठोकळ्याच्या वजनाहूनही जास्त. नॉर्मल बदललं की घर्षणाची मर्यादाही बदलली.

याहून मोठी गंमत वळणावरच्या कललेल्या रस्त्याची. घर्षण नाही आणि गाडी अगदी योग्य वेगाने वर्तुळात चाललीय, असं धरा. आकृती ठोकळ्यासारखीच दिसते: एक वजन, एक नॉर्मल. पण इथे नॉर्मल एमजी भागिले कॉस थीटा येतं. कारण त्वरण. ठोकळ्याचं त्वरण उतरणीच्या रेषेत असतं, गाडीचं आडवं, वर्तुळाच्या केंद्राकडे. उभ्या दिशेला त्वरण नाही, म्हणून नॉर्मलच्या उभ्या घटकाने अख्खं वजन तोलायचं असतं. तेव्हा अक्ष उतरणीला समांतर घ्यायचे हा नियम नव्हे. आधी त्वरणाची दिशा शोधा, मग अक्ष आखा.

कप्पीवरून दुसरं वजन टांगलं असेल तर दोरीचा ताण त्या वजनाइतका लिहून टाकू नका. घर्षण नसताना आपल्या ठोकळ्याला २ किलोचं वजन टांगलं, तर ते २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने खाली जातं आणि ताण २० नव्हे, १५ न्यूटन येतो.

गोल वस्तूला बाण कुठे लावला यालाही महत्त्व आहे. घरंगळणाऱ्या चेंडूवर घर्षण टेकल्या बिंदूपाशी दाखवा, मध्यावर नाही, नाहीतर चेंडूची फिरकी कशाने बदलते ते कळणारच नाही. आणि न घसरता उतरणीवर वर चढत जाणाऱ्या चेंडूवर घर्षण कुठल्या दिशेला? बहुतेक जण खाली दाखवतात. ते वरच्याच दिशेला असतं: चेंडूचा वेग कमी होतोय तशी फिरकीही कमी व्हायला हवी, आणि टेकल्या बिंदूवर वरच्या दिशेने लागणारं बलच ती कमी करू शकतं.