आफ्रिकेतल्या नव्या देशाचं पहिलं मंत्रिमंडळ कसं वाचायचं, झिम्बाब्वे १९८० घेऊन बसू

आमच्या अभ्यासिकेत जागतिक इतिहासाचा भाग आला की पोट्टे देशाचं नाव, स्वातंत्र्याची तारीख, पहिला पंतप्रधान एवढं पाठ करतात अन मंत्र्यांची यादी आली की पान पलटवतात, कारण नावं परकी, जिभेवर बसत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटते, कारण त्या देशाला पहिल्या दिवशी कशाची भीती होती अन कोणाला काय कबूल केलं होतं ते सगळं त्या यादीत असते. आणि आपण नागपूरवाले खातेवाटप वाचण्यात काही कच्चे नाही. १५ डिसेंबर २०२४ ला इथल्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्यानंतर खाती जाहीर होईपर्यंत जिकडेतिकडे एकच विषय होता, गृह कोणाकडे, अर्थ कोणाकडे. तीच नजर तिकडे वळवायची आहे.

एक मोठा कागद आडवा घ्या आणि पाच रकाने आखा. नाव, खातं, पक्ष, आधी काय करत होता, आणि शेवटचा रकाना "पुढे काय झालं". हा शेवटचा सगळ्यात रुंद ठेवा, मी पहिल्यांदा अरुंद ठेवला होता आणि मग कागदाच्या मागे लिहावं लागलं.

नावं लिहायच्या आधी वर कोपऱ्यात जागांचा हिशोब लिहा, हे विसरू नका. झिम्बाब्वे म्हणजे गोऱ्यांच्या राज्यातला जुना रोडेशिया, त्याची निवडणूक फेब्रुवारी १९८० ची. एकूण १०० जागा, त्यातल्या २० गोऱ्यांसाठी राखीव, त्या सगळ्या जुन्या गोऱ्या सरकारचा पंतप्रधान इयन स्मिथ याच्या रोडेशियन फ्रंट पक्षाला गेल्या. उरलेल्या ८० पैकी रॉबर्ट मुगाबेंच्या झानू-पीएफला ५७, जोशुआ एन्कोमोंच्या पीएफ-झापूला २०, आणि १९७९ मध्ये पंतप्रधान राहिलेल्या बिशप मुझोरेवांच्या पक्षाला फक्त ३. म्हणजे मुगाबेंना कोणाचीच गरज नव्हती, एकट्याच्या जोरावर सरकार बनत होतं. आता या हिशोबाशेजारी यादी ठेवा आणि बघा ज्याला घ्यायची गरज नव्हती असा कोण कोण आत आहे. खरा अभ्यास इथून चालू होतो.

पहिले एन्कोमो. त्यांना आधी राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं होतं, ते शोभेचं पद होतं म्हणून त्यांनी नाही म्हटलं (ते मग कनान बनाना यांच्याकडे गेलं), आणि एन्कोमो गृहमंत्री झाले, त्यांच्या पक्षाचे आणखी काही जण मंत्री झाले. काहून? कारण देशात तेव्हा तीन फौजा होत्या, मुगाबेंच्या पक्षाचे गनिमी लढवय्ये, एन्कोमोंच्या पक्षाचे गनिमी लढवय्ये आणि जुनं रोडेशियन सैन्य, तिघांच्याही हातात बंदुका. एन्कोमो बाहेर राहिले असते तर त्यांचे लोकही बाहेर राहिले असते.

दुसरे म्हणजे दोन गोरे. डेव्हिड स्मिथ हे इयन स्मिथच्याच सरकारात अर्थमंत्री होते, त्यांना वाणिज्य आणि उद्योग दिलं. डेनिस नॉर्मन हे तर राजकारणातले नव्हतेच, गोऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, त्यांना शेती. इथे शेजारचा मोझांबिक आठवायचा, १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं आणि पोर्तुगीज लोक एकदम निघून गेले, कारखाने, रेल्वे, शेतं चालवायला माणूस राहिला नाही. तिथले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांनी ते भोगलं होतं म्हणून मुगाबेंना त्यांचा सल्ला होता की गोऱ्यांना पळवून लावू नका. तर नॉर्मन यांचं नाव म्हणजे शेतकऱ्यांना दिलेला शब्द होता, थांबा, पेरा.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला समजायला फार वेळ लागला. खात्याचं नुसतं नाव वाचायचं नाही, ते खातं कुठून कापलंय ते बघायचं. शेती नॉर्मनकडे, पण जमीन आणि पुनर्वसन हे वेगळं खातं करून सिडनी सेकेरामायी यांच्याकडे, म्हणजे मुगाबेंच्या पक्षाच्या माणसाकडे. स्वातंत्र्याचं युद्धच जमिनीवरून झालेलं. आणि डिसेंबर १९७९ च्या लँकेस्टर हाउस करारात, म्हणजे ज्या करारानं युद्ध थांबलं त्यात, खासगी मालमत्तेला दहा वर्षांचं संरक्षण दिलेलं, म्हणजे जो मालक विकायला राजी आहे त्याच्याकडूनच सरकारनं पैसे मोजून जमीन घ्यायची. या दोन खात्यांच्या मधली रेघ म्हणजे त्या देशाचा पुढच्या वीस वर्षांचा भांडणाचा बांध आहे असं मला वाटते, कागदावर ती रेघ लाल पेननं ओढा. तसंच गृहाचं. एन्कोमोंकडे पोलीस आले, पण सुरक्षा आणि गुप्तचर हे पंतप्रधानांच्या कार्यालयात, राज्यमंत्री एमर्सन म्नांगाग्वा. आणि संरक्षण मुगाबेंनी स्वतःकडेच ठेवलं. म्हणजे एन्कोमोंना दार उघडलं पण सगळ्या खोल्यांच्या चाव्या दिल्या नाहीत.

प्रमुखानं स्वतःकडे काय ठेवलं हा प्रश्न कोणत्याही देशाला विचारा, उत्तर कामाचंच निघते. घानात १९५७ ला पंतप्रधान एन्क्रुमांनी संरक्षण आणि परराष्ट्र दोन्ही ठेवलं, आपल्याकडे १९४७ ला नेहरूंनी परराष्ट्र ठेवलं. बेल्जियमच्या ताब्यातून सुटलेल्या काँगोत १९६० ला पंतप्रधान लुमुंबांनीही संरक्षण स्वतःकडे ठेवलं, पण तिथे आणखी एक प्रश्न विचारावा लागते, मंत्र्याच्या खाली कोण? सैन्याचे अधिकारी सगळे बेल्जियन. ३० जूनला स्वातंत्र्य, ५ जुलैला सैन्यात बंड, ११ ला कटांगा प्रांत वेगळा, आणि ५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष कासावुबूंनी लुमुंबांना काढूनच टाकलं. जानेवारी १९६१ मध्ये त्यांना मारलं. म्हणून यादीच्या खाली दोन ओळी सोडा, सेनापती आणि गुप्तचर प्रमुख कोण ते लिहायला. झिम्बाब्वेत त्या दोन ओळींवर जुनेच गोरे होते, पीटर वॉल्स आणि केन फ्लॉवर.

"आधी काय करत होता" हा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ द्या, माणसं इथे जिवंत होतात. मुगाबे आणि एन्कोमो दोघंही १९६४ ते १९७४ बंदिवासात. बर्नार्ड चिड्झेरो संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदावर, उशेवोकुंझे डॉक्टर, त्यांना आरोग्य. आणि तेउराई रोपा न्होंगो, लढाईतली मुलगी, जेमतेम २५ वर्षांची, शाळा अर्धी टाकून गनिमी लढवय्यांत गेलेली, तिच्याकडे युवक आणि क्रीडा, मंत्री असताना तिनं राहिलेलं शालेय शिक्षण पूर्ण केलं. पुढे ती जॉइस मुजुरू म्हणून उपराष्ट्राध्यक्ष झाली. हे मी सांगतो तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरी पेन थांबवून ऐकतात.

याच रकान्यात आपल्याकडचे धागेही सापडतात. केनियाच्या पहिल्या सरकारातले जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे, आई मसाई, शिक्षण बंगळुरूला, १९६६ मध्ये काही महिने ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. टांगानिकात (आजच्या टांझानियात) तिथले पहिले पंतप्रधान न्येरेरे यांच्यासोबत अमीर जमाल, भारतीय वंशाचे, कोलकात्यात शिकलेले.

तुलनेला आपली १९४७ ची यादी शेजारी टाचा. पटेल, आझाद हे काँग्रेसचे, पण कायदा बाबासाहेबांकडे, अर्थ षण्मुखम चेट्टींकडे, उद्योग श्यामाप्रसाद मुखर्जींकडे, हे तिघं काँग्रेसबाहेरचे. दीक्षाभूमीच्या गावात राहून आपण बाबासाहेबांना घटनेच्या संदर्भात आठवतो, पण एका पहिल्या मंत्रिमंडळात दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणून बसणं काय असते ते एन्कोमोंच्या ओळीशेजारी ठेवून वाचा. चेट्टी १९४८ ला गेले, मुखर्जी १९५० ला, बाबासाहेब १९५१ ला, तिघंही राजीनामा देऊन गेले आणि नंतरचं आयुष्य आपापल्या मतानं जगले.

आता शेवटचा रकाना, पेन्सिलीनं नको, पक्क्या शाईनं. जानेवारी १९८१, एन्कोमोंकडून गृह काढलं. फेब्रुवारी १९८२, त्यांच्या पक्षाच्या मालकीच्या जागांवर शस्त्रसाठे सापडले म्हणून मंत्रिमंडळातूनच बाहेर. १९८३ पासून मुगाबेंची पाचवी ब्रिगेड ही लष्करी तुकडी माटाबेलेलँडमध्ये, म्हणजे एन्कोमोंच्या लोकांच्या भागात, हजारो माणसं मारली गेली. २२ डिसेंबर १९८७ ला एकता करार, झापू झानूत विलीन, एन्कोमो परत सरकारात आणि मग उपराष्ट्राध्यक्ष. आणि तो सुरक्षेचा राज्यमंत्री, म्नांगाग्वा, २०१७ मध्ये मुगाबेंच्याच जागी राष्ट्राध्यक्ष. हे सगळं एन्कोमो आणि म्नांगाग्वा या दोनच ओळींत मावते, म्हणून वेळ कमी असेल तर बाकीची यादी सोडा, या दोन ओळी पूर्ण भरा, आणि राजधानीचं नाव तेव्हा सॅलिसबरी होतं, हरारे १९८२ ला झालं, ते नकाशावर बरोबर लिहा.