मोटर मध्येच बंद पडते? आधी ब्रेकचा लिव्हर बघा

ऑनलाइन मागवलेली ई-माउंटन बाइक. बॅटरी पूर्ण चार्ज, डिस्प्ले चालू, तरी खड्ड्यात आदळली की मोटर गप्प. संशय कंट्रोलरवर, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यावर जातो. दोष निघाला ब्रेकच्या कट-ऑफ सेन्सरमध्ये. लिव्हर दाबला की हा सेन्सर मोटर थांबवतो. लिव्हर पूर्ण मागे आला नाही, तर कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे.

दोष कोणत्या लिव्हरचा, ते शोधायला मागचं चाक उचलून धरायचं, बॅटरी बंद करून एका लिव्हरचा कनेक्टर काढायचा, पुन्हा चालू करून पेडल फिरवायचं. बहुतेक सेन्सर दाबल्यावरच सर्किट जोडतात, म्हणून बिघडलेला काढला की मोटर फिरते. इथे डावा निघाला.

हँडल बसवताना ब्रेकची तार मुडपली होती, त्यामुळे लिव्हर २-३ मिमी आत अडकायचा. तारेला मोठं वळण दिलं, लिव्हरच्या खिळीला तेलाचा एक थेंब. (डिस्कवर तेल उडालं तर पॅड गेलेच समजा.) कनेक्टर जोडताना बाणाला बाण जुळवा, पिळून घातला तर पिना वाकतात. शेवटी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून वायर ताणत नाही ना, ते पाहिलं.

सेन्सर काढून ठेवून चालवू नका, ब्रेक दाबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते.