गुंगीशिवाय एंडोस्कोपी: घसा बधिर करण्याची पद्धत

सिन्नर किंवा निफाडहून सकाळच्या एसटीने उपाशीपोटी नाशिकला आलेला रुग्ण गुंगीचे इंजेक्शन नको म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्यासोबत कोणी नसते आणि तपासणीनंतर त्याला एकट्यानेच घरी परतायचे असते. त्याची तपासणी सुसह्य होईल की नाही, हे तोंडातून पोटात दुर्बीण घालण्याआधीच्या (म्हणजे एंडोस्कोपीआधीच्या) पाच मिनिटांत ठरते, आणि ती पाच मिनिटे परिचारिकेच्या हातात असतात.

प्रथम कवळी काढून ठेवावी आणि गेल्या सहा तासांत रुग्णाने काही खाल्लेले नाही याची खात्री करावी. ॲलर्जी आहे का, या प्रश्नाला पुष्कळ जण सवयीने नाही म्हणतात. म्हणून दात काढताना दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शनाने कधी त्रास झाला होता का, असे विचारावे. यकृताचा विकार, हृदयाच्या ठोक्यांतील दोष किंवा फिट येण्याचा त्रास असल्यास ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

यानंतर जे सांगायचे, ते फवारा मारण्यापूर्वीच सांगावे. औषध कडू लागेल, घसा सुजल्यासारखा वाटेल, आवंढा गिळता येत नाही असे वाटेल, परंतु श्वास नाकाने नेहमीसारखाच चालू राहील. हे ठाऊक नसलेला रुग्ण घशाला जडपणा येताच घाबरून उठून बसतो, आणि मग कितीही औषध मारले तरी उपयोग होत नाही.

रुग्णाला बसवून, जीभ बाहेर काढायला लावून व श्वास क्षणभर रोखायला सांगून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या १० टक्के स्प्रेचे फवारे पडजिभेच्या दोन्ही बाजूंना आणि घशाच्या मागील भिंतीवर मारावेत. एका फवाऱ्यात सुमारे १० मिलिग्रॅम औषध असते. किती फवारे मारायचे हे डॉक्टर ठरवतात, मारलेले मोजणे मात्र आपले काम. २ टक्के व्हिस्कस, म्हणजे घट्ट द्रव स्वरूपातल्या औषधाच्या १५ मिलिलिटरमध्येच ३०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते, त्यामुळे ते दिल्यावर डॉक्टरांना न विचारता वर स्प्रे मारू नये.

पुढे तीन ते पाच मिनिटे थांबावे, बाहेर कितीही रांग असली तरी. वेळेची कसर जादा फवाऱ्यांनी भरून निघत नाही. उमासे पूर्णपणे थांबतील असे आश्वासनही देऊ नये, कारण बधिर होतो तो वरचा थर, दाब जाणवतोच. कानात आवाज, ओठांना मुंग्या, चक्कर किंवा असंबद्ध बोलणे आढळल्यास डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

तपासणीच्या वेळी डाव्या कुशीवर झोपवून लाळ गिळू न देता बाहेर वाहू द्यावी.

नंतर सुमारे तासभर चहा, मिसळ काहीही नको. पिशवीतली द्राक्षे तर मुळीच नकोत, कारण बधिर घशातून गोल मणी श्वासनलिकेत सहज जाऊ शकतो. तासाभराने बसून घेतलेला गार पाण्याचा घोट ठसका न लागता उतरला, की मग खायला हरकत नाही.