रायफल नेमबाजांनी कंबर कशी सांभाळावी
१० मीटर एअर रायफलमध्ये ५.५ किलोपर्यंतची रायफल उभ्याने पेलताना कंबर किंचित मागे झुकते आणि लक्ष्याकडे वळते, त्यामुळे मणक्याच्या खालच्या भागावर सतत एकाच बाजूने ताण येतो. म्हणून सराव संपताच विरुद्ध दिशेला कंबर सावकाश वळवून स्नायू सैल करावेत आणि प्लँक, साइड प्लँक हे पोटापाठीला बळ देणारे व्यायाम नियमित करावेत. नेमबाजीचे जाड जाकीट आधार देते, पण पोटापाठीच्या बळाची उणीव भरून काढत नाही. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याने डावे कोपर कमरेच्या हाडाशी टेकवावे, म्हणजे वजन दंडाऐवजी हाडांवरून पायांत उतरते. मग शरीर सैल असताना नेम लक्ष्यावरच राहतो का, हे पाहण्यासाठी डोळे मिटून श्वास सोडावा. डोळे उघडल्यावर नेम सरकलेला दिसल्यास रायफल हाताने न ओढता पावले हलवावीत.