टक्केवारी काढताना या चुका टाळा: आधी विचारा, ‘कशाचे टक्के?’

टक्केवारीतला गुणाकार-भागाकार सहसा चुकत नाही, तो मोबाईलही करून देतो. चूक होते त्याच्या आधीच, टक्के नेमके कशावर काढायचे हे ठरवताना. १० टक्के म्हणजे शंभरातले दहा, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण ते शंभर म्हणून कोणती रक्कम धरली, हे विसरलं की उत्तर बिघडलंच.

‘५० टक्के सवलत, त्यावर आणखी २० टक्के’ अशी जाहिरात वाचली की मनात लगेच ७० ची बेरीज होते. मूळ किंमत १००० धरा. पहिल्या सवलतीनंतर उरले ५००. दुसरी सवलत या ५०० वर आहे, म्हणजे १००. तुम्ही देणार ४००, म्हणजे एकूण सवलत ६० टक्केच. आधी २० आणि मग ५० टक्के वजा केले तरी उत्तर ४०० च येतं. क्रमाने काही बिघडत नाही, बेरजेने बिघडतं.

वाढ आणि घट यांचंही तसंच. १०० ची वस्तू २० टक्क्यांनी महागली आणि मग २० टक्क्यांनी स्वस्त झाली, तर ती पुन्हा १०० ला येत नाही. १२० चे २० टक्के २४ होतात, म्हणून किंमत ९६ वर येते. गुंतवणुकीत हे फार महागात पडतं. पैसे ५० टक्क्यांनी घटले, तर मुद्दल भरून यायला ५० नव्हे, १०० टक्के वाढ लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उलट्या हिशोबात. समजा १२ टक्के करासह बिल ११२० झालं. मूळ किंमत किती? बरेच जण ११२० चे १२ टक्के काढतात, १३४.४० येतात, ते वजा करून ९८५.६० लिहून मोकळे होतात. आता ताळा करून बघा. ९८५.६० वर १२ टक्के चढवले तर जेमतेम ११०३.८७ होतात, ११२० नाही. कर मूळ किमतीवर लागला होता, बिलाच्या रकमेवर नाही. मूळ किंमत १०० धरली तर बिल ११२ चं. म्हणून ११२० ला १.१२ ने भागायचं. उत्तर बरोबर १०००. सवलतीतही हाच नियम. २५ टक्के सवलतीनंतर वस्तू ६०० ला मिळाली, तर ६०० ला ०.७५ ने भागा. मूळ किंमत ८०० होती, ७५० नव्हे. हिशोब उलटा असेल तेव्हा ताळा केल्याशिवाय पुढे जाऊच नका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

व्याजाचा दर ८ टक्क्यांवरून १० टक्के झाला की ‘फक्त दोनच टक्के वाढले’ असं वाटतं. मुद्दल १ लाख असेल तर वर्षाचं व्याज ८००० वरून १०,००० झालं. तुमच्या खिशातून जाणारं व्याज २५ टक्क्यांनी वाढलं! उलट, ‘धोका १०० टक्क्यांनी वाढला’ असं वाचून घाबरायच्या आधी मूळ आकडा शोधा. दहा हजारांत एकाला असलेला धोका दोघांना झाला, तरी ती वाढ १०० टक्केच असते.

टक्क्यांची थेट सरासरीही काढू नका. ५० पैकी ४० गुण म्हणजे ८० टक्के, १५० पैकी ६० म्हणजे ४० टक्के. पण एकूण टक्के ६० नाहीत. २०० पैकी १०० गुण, म्हणजे ५० टक्के.

हिशोब बरोबर मांडूनही उत्तर विचित्र येत असेल, तर कॅल्क्युलेटरचं टक्क्याचं बटण तपासा. ते सगळीकडे सारखं चालत नाही. १०० + १० % दाबा. बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर ११० येतात, काहींवर १००.१ दिसतं, कारण ते १० % म्हणजे नुसते ०.१ धरतात. शंका असेल तर ते बटण सोडून द्या आणि १० टक्के वाढीसाठी १.१ ने, १० टक्के घटीसाठी ०.९ ने गुणा. एक्सेलमध्ये साध्या रकान्यात १५ लिहून नंतर त्याला टक्क्याचं रूप दिलं तर १५०० % दिसतात. आधी रूप द्या, मग आकडा भरा.